मास्तरांचा नकार

“आज नको,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सिस्टरच्या मांडीवर फॉर्म होता. गतिमंद प्रौढांच्या त्या निवासात झोपेच्या नव्या औषधाची चाचणी व्हायची होती. पालक म्हणून मास्तरांच्या धाकट्या भावाने सही करून टाकली होती. पण नियम स्पष्ट होता: ज्याच्यावर चाचणी, त्यालाही विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर विषय संपला.

मास्तर अठ्ठेचाळीस वर्षांचे. निवासातल्या टॉवेलांच्या घड्या घालायचे. एकाची जरी कड वाकडी दिसली, तरी अख्खी चळत मोडून पुन्हा लावायचे, म्हणून ‘मास्तर’. सिस्टरवर त्यांचा भारी जीव. तिने गोडीगुलाबीने विचारलं, “आजच नको ना? उद्या चालेल?” तिचं मन मोडवेना म्हणून मास्तर नुसते हसले. तिने ‘होकार’पुढे खूण केली. वीस माणसं हवी होती, एकोणीसच भरली होती आणि चाचणी घेणारे डॉक्टर घायकुतीला आले होते.

सहाव्या आठवड्यात मास्तरांचे हात थरथरू लागले. औषध थांबवलं, थरथर थांबली नाही. टॉवेल हातातून निसटायचे. एके दिवशी त्यांनी आपणहून सगळा ढीग शेजारच्यापुढे सरकवला.

थरथरीची चौकशी करायला समिती बसली, तिच्यापुढे कागद चोख निघाले. सिस्टर गप्प राहिली असती, तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. ती म्हणाली, “ते नको म्हणाले होते. होकार मी लिहिला.”

बाहेर भावाने तिला गाठलं. “सही तर माझी होती ना, सिस्टर? कशाला अंगावर ओढवून घेतलंत?”

“तुम्ही त्यांना विचारलं होतंत?”

भाऊ चाचरला. “त्याला काय कळतंय, असं वाटलं.”

“त्यांना कळतं, हे मला पक्कं ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तरी लिहिलं.”

तिची नोकरी गेली. महिन्याभराने ती पाहुणी म्हणून निवासात आली. मास्तर खिडकीशी बसले होते, हात मांड्यांखाली दाबून. शेजारी रिकामं स्टूल होतं.

“मास्तर, इथे बसू का?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. तिने घाई केली नाही. शेवटी मास्तरांनी पायाने स्टूल आपल्याकडे ओढून घेतलं आणि त्यावर दोन्ही पाय ठेवले.

“बरं,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.