विकलेले काठ

मोरीतला नळ दोनदा खोकला आणि दुपारची शांतता मोडली. आज सुरतेच्या गोडादऱ्यातल्या कापड विणणाऱ्या लूमना सुट्टी होती. गल्ली इतकी गप्प होती की तेवढ्यानेही हर्षदा दचकली. मांडीवर झोपलेल्या गौरीचं डोकं तिने अलगद उशीवर ठेवलं, नळाखाली बादली लावली आणि ओले हात ओढणीला पुसत लॅपटॉपपाशी परतली. नोकरीच्या मुलाखतीची वेळ होत आली होती.

लग्न आणि गौरी यांत सुटलेलं कॉलेज तिने पुन्हा धरलं होतं. आता टेक्स्टाइल डिझाइनचं शेवटचं वर्ष चाललं होतं. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की नुसते मार्क कुणी बघत नाही, आपलं काम एका लिंकवर दिसलं पाहिजे. बाकीच्या मुलींनी वर्गातली कामं चढवली. हर्षदाकडे त्याहून मोठं काही होतं. तिने काढलेले काठ खरोखरीच्या साड्यांवर छापून सुरतभर नेसले जात होते. गौरी तान्ही असल्यापासून ती कापड मार्केटमधल्या साडीच्या व्यापाऱ्यासाठी, भूपेंद्रभाईंसाठी, डिझाइनं काढत होती, बाळाला पायावर झुलवत, एका हाताने.

पण त्यातली एकही फाइल तिच्याकडे नव्हती. मार्केटची रीतच तशी होती. डिझाइन विकलं की पेनड्राइव्ह शेठच्या हातात द्यायचा आणि आपल्याकडची फाइल पुसून टाकायची. इतर जण एखादी कॉपी दडवून ठेवत. हर्षदाने कधी ठेवली नाही. दुसऱ्याला दिलेली वस्तू परत घरात ठेवणं तिला चोरीसारखं वाटे.

म्हणून पोर्टफोलिओसाठी ती शेजारणींच्या मागे लागली. कुणाचा पदर, कुणाच्या निऱ्या, जिथे आपला काठ दिसेल तिथे फोटो. शेजारच्या प्रमिलाबाई तर नवागामच्या लग्नाला निघालेल्या, दारातच थांबल्या.

"माय व, मन्हं तोंड बी येऊ दे ना फोटोमा."

"तोंड नको काकू, काठ हवाय."

"म्हणजे साडी जाई नोकरीले आन मी ऱ्हासू घर?"

तेव्हा दोघी किती हसल्या होत्या.

स्क्रीनवर साडी कंपनीच्या बाई आल्या. आवाज मऊ होता. लिंक त्यांनी आधीच पाहिलेली होती.

"काम छान आहे हर्षदा. पण हे काठ आम्ही एका कॅटलॉगमध्ये पाहिलेत. तिथे डिझाइनर म्हणून दुसऱ्याचं नाव आहे."

"मी काढलेत, मॅडम."

"मग मूळ फाइल दाखवाल?"

"पुसल्या."

"सगळ्या?"

"विकल्यावर पुसायच्या असतात ना."

"साडीचा फोटो कुणीही काढेल हो. ज्यांना डिझाइनं विकलीत त्यांनी नुसतं सांगितलं तरी चालेल. संध्याकाळपर्यंत माझ्याशी त्यांचं बोलणं करून द्या. नाहीतर मला पुढे जाता येणार नाही."

कॉल संपला. बादली भरून वाहत होती. नळ बंद करून तिने तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर बसून भूपेंद्रभाईंना फोन लावला.

"बोल बेटा, नवी डिझाइन झाली?"

तिने सगळं सांगितलं.

"जो, बघ बेटा," ते म्हणाले, "तुझा हात सोन्याचा आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण कॅटलॉगवर माझ्या भत्रिजाचं, भावाच्या मुलाचं नाव छापलंय. त्याचं लग्न जुळतंय, मुलीकडच्यांना पण तेच सांगितलंय. आता मी कुणाला सांगू की त्याला काठावरची साधी कैरी काढता येत नाही?"

"नाव बदलू नका काका. त्या मॅडमना फक्त एकदा सांगा. बाकी कुणाला कळणार नाही."

"मार्केटमध्ये न कळणारं काय असतं बेटा? तू ते फोटा उतारी नाख. आजच लिंकवरून काढून टाक. उद्या दुसरा शेठ बघेल, म्हणेल भूपेंद्रभाईचा माल उघड्यावर पडलाय. तुला माझं काम चालू ठेवायचंय ना?"

तिच्या तोंडून "हो" निघून गेलं. त्याच कामावर तिची फी भरली जात होती.

ती लॅपटॉपपुढे येऊन बसली. तिने फोटोंचं ते पान उघडलं. त्या वेलीच्या काठाच्या वेळी गौरीला ताप होता. बुट्ट्यांच्या वेळी तिला पहिला दात आला होता. हे कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलेलं नव्हतं, आणि कुणाला पुरावा म्हणून दाखवताही येणार नव्हतं. तिने पहिला फोटो पुसला. मग दुसरा.

गौरी केव्हा उठली ते कळलंच नाही. झोपेने गरम झालेला गाल तिच्या दंडाला येऊन टेकला.

"ही प्रमिला आजीची साडी ना?"

"हो."

"ही पण घालवली?"

"हो गं."

पानावर आता हर्षदाचं नाव आणि तिचा हसरा फोटो, एवढंच उरलं. खाली सगळं पांढरं. गौरीने त्या पांढऱ्यावर बोट फिरवून पाहिलं, मग मान वर करून आईकडे.

"शाळेतल्या बाई म्हणतात, चुकलं असेल तेच खोडायचं. तुझं सगळंच चुकलं होतं का गं, आई?"