दचक्याला भरवणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो, आणि अजून धक्क्यातून सावरलेलो नाही.

तीस वर्षे मी घड्याळजींच्या हातात होतो. केसाएवढी स्प्रिंग मी अलगद उचलायचो. असा चिमटा पुन्हा मिळायचा नाही, असे ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मला मूठभर मांस चढायचे. मग एकदा पडून माझे टोक जरासे वाकले, आणि त्यांच्या लेकीने मला थेट अळी उचलायला लावली. अहो, अळी! वळवळणारी!

अळी होती दचक्यासाठी. दचक्या म्हणजे काचेच्या पेटीत राहणारा, खडबडीत पाठीचा बेडूक. कुणी शिंकले तरी खापरीखाली शिरायचा. पिठातल्या अळ्या मी वाटीत सोडायचो, त्या तो मागाहून खायचा. एकदा लेकीने गांडूळ आणले. ते निसटू नये म्हणून मी घट्ट धरून दचक्याच्या तोंडापुढे नाचवले, तर हा अंग फुगवून दोन दिवस उपाशी बसला. घड्याळजींनी ठरवून टाकले, चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही; अळ्या खातोय, तर अळ्याच द्यायच्या. भिंतीवर सहाचे ठोके पडले की तीन अळ्या, अशी दोन वर्षे गेली. मलाही ते पटले होते.

पुढे दचक्याची जीभ सुटायची, अळीला लागायची आणि रिकामीच परत जायची. आम्ही म्हणायचो, भित्रा आहे, दुसरे काय! तो वाळत चालला, तेव्हा लेक त्याला डब्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही होतो बरोबर. बाईंनी त्याचे तोंड हळूच उघडून पाहिले.

"भीतीने नाही हो. एकच एक खाऊन जीवनसत्त्व कमी पडलंय, म्हणून याच्या जिभेचा चिकटपणा गेलाय. असंच चाललं असतं तर उपासमारीने गेला असता."

उपासमार! मी रोज तीन घास वाढत असताना! मी पोलादाचा, नाहीतर मला दरदरून घाम फुटला असता. घरी आल्यावर हे ऐकून घड्याळजी मटकन खुर्चीत बसले.

औषधाचे थेंब सुरू झाले. गाजर खाऊन पोसलेले रातकिडे आले, पुन्हा गांडूळ आले. मी ते धरून पुढे झालो, आणि दचक्या फुगला. लेक बराच वेळ नुसती बघत राहिली.

"बाबा, तो गांडुळाला घाबरत नाही. चिमट्याला घाबरतो."

मित्रांनो, मी जागच्या जागी गार पडलो.

तिने मला बाजूला ठेवले आणि गांडूळ ओल्या मातीवर सोडले. घड्याळजी उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके बंद केले. दचक्या बाहेर आला. मान वाकडी करून त्याने पाहिले आणि जिभेची वाट न बघता तोंडानेच गांडूळ धरले. दोन्ही डोळे मिटून गिळले.

आता मी खणात असतो. राग नाही, पण रुखरुख आहे. तुमच्याकडे एखादा बुजरा जीव असेल तर त्याला निरनिराळे खायला द्या. नाहीच खाल्ले, तर भित्रा म्हणून सोडून देऊ नका. आधी आपल्या हातात काय आहे ते बघा.