बोटभर बुरशी

बारक्याने फ्रीजमधून चीजचा तुकडा काढला आणि सरळ कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. थोरल्या भावाने मध्येच त्याचं मनगट धरलं.

"कुठे?"

"फेकायला. बुरशी दिसत नाही का तुला?"

दिसत होती. एका कडेला, हिरवट, बोटाच्या पेराएवढी. बाबांच्या हातचं हे शेवटचं चीज. बाबा जाऊन सहा महिने झाले, बाकीचं नातेवाइकांनी फस्त केलं, आता हा विटेएवढा तुकडा उरलेला. थोरल्याचा फ्रीज बंद पडला म्हणून बारक्याकडे ठेवला, आणि या पठ्ठ्याने तो प्लास्टिकमध्ये आवळून ठेवलेला.

"बटर पेपर म्हणालो होतो ना? वर सैल पिशवी, भाजीच्या कप्प्यात. आठवड्याला कागद बदलायचा. ह्याला घाम सुटला बघ."

"मी काय त्याची दाई आहे?"

थोरल्याची हयात चीजच्या गोदामात गेलेली. त्याने वाकून वास घेतला. आंबूस नाही, नाकात झोंबत नाही. अंगठ्याने दाबलं. घट्ट.

"ठणठणीत आहे. बुरशीच्या चारी बाजूंनी आणि खाली इंचभर सोडून कापायचं, सुरी बुरशीला लागू द्यायची नाही. झालं."

"आणि हे पांढरं?"

"ते मुरल्याचे खडे आहेत, येड्या. बुरशी पुसली जाते, खडे दाताखाली कचकचतात."

"शिकव, शिकव. बाबा मेला, आता तू."

बाबाला अरेतुरे केलेलं थोरल्याला खपलं नाही. त्याने कानफटात ठेवून दिली. बारक्या ओट्यावर आदळला, पण तुकडा सोडला नाही. उलट्या हाताने त्याने कापायची लाकडी फळी उचलली आणि थोरल्याच्या थोबाडावर हाणली. ओठ फाटला. एक दात हलला. थोरला त्याला घेऊनच फ्रीजवर पडला, दारातल्या बाटल्या फुटल्या, काचेवर दोघांचे पाय घसरायला लागले. बारक्या गुडघा मारत होता, पोटात, एकाच जागी. थोरल्याने त्याचं डोकं धरून फ्रीजच्या कडेवर आपटलं. दोनदा. मग त्याचा हात ओट्यावर दाबला आणि तुकड्यावरची बोटं एकेक करून उलटी वाकवायला लागला.

त्यातली दोन आधीच वाकडी होती.

"मोड," बारक्या धापा टाकत म्हणाला. कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं. "ओल्या फडक्यात चीज गुंडाळलं म्हणून बाबाने कपाटाच्या दारात चेचली होती. मी बारा वर्षांचा. आणि हात कोणी धरला होता रे माझा?"

थोरल्याला आठवत होतं. त्यानेच. असाच, मनगटाला.

"सोड ना तुकडा," तो म्हणाला. "बारक्या, सोड. दुसरं नाहीये आपल्याकडे काही त्यांचं."

"माझ्याकडे आहे. बघ की."

थोरल्याने जोर लावला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. बारक्या मटकन खाली बसला. तुकडा थोरल्याच्या हातात आला.

बारक्याची बायको आतून धावत आली, नवऱ्यापाशी टेकली, त्याचा हात ओढणीत धरला. थोरला ओट्याशी उभा. त्याने सुरी घेतली, इंच सोडून बुरशीचा भाग नीट कापून काढला. आतलं चीज पिवळंधमक. एक कपची तोंडात टाकली. मीठ ओठाच्या चिरेत गेलं, डोळ्यांत पाणी आलं. चव फक्त रक्ताची. त्याने ती थुंकली, दुसरी कपची घेतली. पुन्हा रक्तच. गोदामात चीजच्या शंभर गोल चाकांतून नासकं चाक ओळखणारा माणूस, आणि त्याला कळेना चांगलंय की नाही.

"तू जरा चाखून सांगतेस का?" त्याने कपची पुढे केली. "चांगलंच असणार. पण सांग."

तिने वर पाहिलं.

"भावजी, गाडीची किल्ली तुमच्या मागे टेबलावर आहे. ह्यांना दवाखान्यात न्यायचंय. तुम्ही वाटेतून बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. ती दोघं काचा तुडवत निघून गेली.