मेट्रनबाईंच्या पत्राचं उत्तर

मेट्रनबाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलं नव्हतं, हे म्हाताऱ्या डिझायनरांना हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीशेजारी, खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभं असताना आठवलं. आठवलं म्हणण्यात तरी काय अर्थ? विसरले कधी होते? कित्येक वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र साधं होतं. बाळंतिणी व्हरांड्यात जमिनीवर झोपतात. वर दोन मजले चढवण्याची सोय आपण डिझाइनमध्ये ठेवली आहे असं ऐकलं. तर ते चढवता येतील का? हो किंवा नाही, एवढंच कळवावं.

खड्ड्यात उतरलेली तरुण इंजिनिअर टेप गुंडाळत वर आली. हॉस्पिटलच्या विस्ताराचं काम आता तिच्याकडे होतं, आणि जुना पाया उघडताना मूळ डिझायनर हजर असावा म्हणून तिनं त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"सर, हा पाया आहे की चेष्टा?" ती हसत म्हणाली. "वर काय डोंगर ठेवणार होतात?"

"जास्त झाला का?"

"अहो, दोन मजले आरामात पेलेल! भूकंपाचे नियम बदललेत, म्हणून कॉलमना बाहेरून काँक्रीटचं वेष्टन घालू. पण पाया तेव्हाही पुरेसा होता आणि आजही आहे."

तेव्हाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ऑफिसात त्यांना सगळे 'जादासळई' म्हणत. हिशेब चार सळयांचा आला की हे पाचवी टाकणार, आणि पाचवी टाकून झाली की सहावीचा घोर लावून घेणार. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावरही 'विचार करून सांगतो' म्हणाले होते, आणि बायको ते आजतागायत पाहुण्यांना ऐकवत असे. मेट्रनबाईंचं पत्र आलं तेव्हा त्यांनी सगळं गणित नव्यानं मांडलं. उत्तर 'हो' आलं. मग मातीविषयी शंका आली, म्हणून पुन्हा मांडलं. पुन्हा 'हो'च. आणखी एकदा पाहू आणि लिहू, असं करता करता उशीर झाला. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि लाजेपायी आणखी उशीर.

तेवढ्यात बाळंतिणींच्या वॉर्डच्या सिस्टर पदर खोचल्यासारख्या तावातावानं आल्या.

"मॅडम, आधीच सांगून ठेवते. वर मजले चढत असताना आमची एकही मुलगी खाली ड्यूटी करणार नाही. तसं लिहून दिलंय आम्ही."

"सिस्टर, मी रिपोर्ट दिलाय ना!"

"तुमचा रिपोर्ट तुमच्यापाशी. आमच्या जुन्या मेट्रनबाई काय म्हणतात, माहितीये? ज्यानं इमारतीचं डिझाइन केलं त्यालाच त्यांनी विचारलं होतं. त्याच्या तोंडून 'हो' निघालं नाही. मूग गिळून बसला. म्हणजे काय समजायचं माणसानं? त्याला ठाऊक होतं, खाली पोकळ आहे."

"मग तेव्हा बायकांना कुठे ठेवलंत?" डिझायनरांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"कुठे ठेवणार? मागे पत्र्याची शेड ठोकली. अजून तीच आहे. उन्हाळ्यात आम्ही ओल्या चादरी टांगतो, तरी बाळांची अंगं घामोळ्यानं भरतात. बाई रिटायर होईपर्यंत स्वतः बादल्या उचलायच्या. हे आजोबा कोण?"

इंजिनिअरनं तोंड उघडलं, पण त्याआधीच ते म्हणाले, "तो मूग गिळून बसलेला मीच."

सिस्टर पाहतच राहिल्या. दोन शब्द वेडेवाकडे बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे इमारत पक्की होती?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"अगं बाई." सिस्टरनी शेडकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? बाईंना सांगा. आमच्या मुली त्यांच्याच शब्दावर चालतात. फोन नका करू, ऐकू येत नाही त्यांना. पत्ता देते, लिहा."

घरी येऊन त्यांनी चार पानं लिहिली. मातीचे थर, वाऱ्याचा दाब, त्या काळचे नियम, सगळं आलं. बायकोनं चष्मा लावून वाचलं.

"हे पत्र आहे की पुराण?"

"त्यांना नीट कळायला नको?"

"त्यांनी विचारलं काय होतं?"

"मजले चढतील का."

"मग यात 'हो' कुठे आहे? मला तरी सापडेना बाई."

ते पानांकडे बघत बसले. "वाचून त्यांना काय वाटेल गं? इतकी वर्षं त्या बादल्या..."

"वाईट वाटेल," बायको म्हणाली. "खूप वाईट वाटेल. म्हणून काय त्या लेकुरवाळ्यांना शेडमध्येच ठेवायचं?"

त्यांनी नवा कागद घेतला.

'आदरणीय मेट्रनबाई, हो. दोन मजले चढवता येतील. आपण विचारलंत तेव्हाही येत होते. आता नव्या नियमांप्रमाणे कॉलमना वेष्टन घालायचं आहे, ते काम जाणत्या हातांत आहे. आपल्या पत्राला उत्तर दिलं नाही, हा दोष माझा, इमारतीचा नव्हे. आपल्या मुलींना हे आपण सांगावं. वर काम चालू असेल तितके दिवस मी रोज खालच्या वॉर्डाच्या दाराशी येऊन बसेन.'

"रोज?" बायकोनं विचारलं.

"रोज."

"आणि डबा?"

"तो तू देशील."

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि पाकीट आणायला उठली.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाला लावलं. "साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर."

बाईंनी शिक्का मारून पावती पुढे सरकवली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. ते इतर पाकिटांवर पालथं पडलं. पत्ता एकदा तपासून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं. हातही थोडा पुढे झाला.

"आजोबा, झालं ना तुमचं?" मागच्या माणसानं विचारलं.

"झालं," ते म्हणाले, आणि खिडकीपासून बाजूला झाले.