पंप बंद केल्यावर

डिंपलने चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सरळ भिंतीपाशी जाऊन पंपाचं बटण बंद केलं. हॉलभर चाललेली घरघर थांबली. सोफ्यावर बसलेल्या इश्वर आणि मनिषला, नवऱ्याच्या दोन्ही मित्रांना, तिने कप दिले आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

तिचा नवरा चंद्रकुमार त्यांना समुद्रातल्या माशांच्या सवयी समजावून सांगत होता. तो मध्येच थांबला.

तुमसरात माणसं तलावातला मासा ओळखतात, तोही ताटात आल्यावर. आणि या गृहस्थाने चार फुटी काचेच्या टाकीत खारं पाणी करून रंगीबेरंगी मासे पाळले होते. आधी कबुतरं झाली होती. मग कुंडीतली बुटकी झाडं. प्रत्येक नाद तो असा मिरवायचा, की जणू गावाने त्याचा सत्कार ठेवायला हवा होता. आणि प्रत्येक नादाची घाण शेवटी डिंपलच्याच हाताला यायची. लग्नानंतरची काही वर्षं तिने रागावून पाहिलं. आता ती रागावत नसे. ओठाचा एक कोपरा उचलून हसत असे, तेवढं पुरे होई.

मोठ्या टाकीखालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी होती. वरचं पाणी एका नळीने खाली उतरायचं, गाळलं जायचं आणि पंप ते दुसऱ्या नळीने पुन्हा वर चढवायचा. उन्हाळ्यात एका दुपारी लाइन गेली, पंप थांबला, आणि चढवायच्या नळीनेच वरचं पाणी उलटं ओढून खाली आणलं. लहान टाकी भरून सांडली. पाणी फरशीवरून स्लॅबच्या भेगेत शिरलं. खाली त्यांचं साड्यांचं दुकान. आंधळगावच्या विणकरांकडून आलेल्या कोशाच्या रेशमी साड्यांवर ते टपकत राहिलं. डिंपलने साड्या गच्चीवर वाळवल्या, तर मिठाचे पांढरे डाग उमटले. चंद्रकुमारने वीजवाल्यांना शिव्या घातल्या आणि आपण हात झटकले.

मग त्याने मुंबईहून एक व्हॉल्व्ह मागवला. याच्यातून पाणी फक्त वर जातं, उलटं येत नाही, असं त्याने शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना, दूधवाल्यालाही सांगितलं. पंप बंद करून पाहिला का, असं डिंपलने एकदाच विचारलं होतं. कंपनीवाले काय वेडे आहेत, म्हणून तो उठून गेला होता. तो भ्याला आहे, हे तिने तेव्हाच ओळखलं.

म्हणून मित्रांसमोर पंप बंद करायला तिने हा रविवार निवडला. सकाळी तो मित्रांना आणायला गेला असताना तिने दुकानातली, भेगेच्या बरोबर खालची फळी रिकामी केली आणि साड्यांचे गठ्ठे समोरच्या भिंतीला नेऊन लावले. नुकसान व्हायचं ते त्याच्या तोऱ्याचं व्हावं, साड्यांचं नको.

आता पाणी खाली येत होतं. कपाटाचं दार उघडंच होतं; लहान टाकीतली पातळी काचेवर चढताना सगळ्यांना दिसत होती. मनिषने पाय सोफ्यावर घेतले. डिंपलने नवऱ्याकडे पाहिलं. तो धावला नाही, बटणाकडेही गेला नाही. कपाटासमोर उकिडवा बसून बघत राहिला.

काठाला चार बोटं उरली होती. वरच्या टाकीत नळीने गुळगुळ आवाज करून हवा ओढली आणि धार तुटली. पाणी जिथल्या तिथे थांबलं.

"व्हॉल्व्ह जोरदार आहे बा तुझा," इश्वर म्हणाला.

"व्हॉल्व्ह काढून फेकला मी," चंद्रकुमार म्हणाला. "रेतीचा कण अडकला का उघडाच राह्यते तो. वरच्या टाकीत नळीले पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली छिद्र पाडलं. पाणी उतरलं का छिद्रातून हवा घुसते, मंग उलटं येणं बंद. अन् खालची टाकी अर्धीच भरतो."

तो मिरवत नव्हता. छिद्रात शेवाळ धरतं, कधी बारकी गोगलगाय बसते, म्हणून ते काडीने साफ ठेवावं लागतं. डिंपल दुकानात असली की तो रोज पंप बंद करून पाहतो. हे सगळं त्याने मित्रांना सांगितलं, तिच्याकडे न बघता.

"मले काहून नाही सांगतलं?" तिने विचारलं.

"तू हासली असती."

मित्रांनी चहा भराभर संपवला. चंद्रकुमार त्यांना सोडायला गेला तशी डिंपल दुकानात उतरली आणि स्टुलावर चढून गठ्ठे पुन्हा फळीवर लावू लागली. ती घाई करत होती, तरी तो येईपर्यंत दोनच लागले होते.

चंद्रकुमार दारात थांबला. त्याने रिकामी फळी पाहिली, वरची भेग पाहिली, मग समोरच्या भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या साड्या. पंप ठरवून बंद केला होता, हे त्याच्या ध्यानात आलं. एक गठ्ठा उचलून तिच्या हातात दिला. मग दुसरा. निम्मी फळी भरल्यावर तो म्हणाला,

"मले वाटे, तू नुसती हासते."

डिंपलने पुढच्या गठ्ठ्यासाठी हात खाली केला. गठ्ठा यायला जरा वेळ लागला.