सोबत्याचं मत

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भांडी आपटत होत्या. टेलिफोनबाईला भांड्यांच्या आवाजातलं सगळं कळायचं. रागाचा आवाज वेगळा, कामाच्या घाईचा वेगळा. हा आनंदाचा होता.

"मेट्रनबाई पडल्या बरं का, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "सव्वीस मतांनी."

टेलिफोनबाईनं चहाचा कप खाली ठेवला. वयाच्या चौथ्या वर्षी तापात तिचे डोळे गेले होते. आता ती एक्कावन्न वर्षांची होती आणि गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसत होती. मेट्रनबाई तिथूनच निवृत्त झाल्या आणि कुठल्याही पक्षाचं लेबल न लावता निवडणुकीला उभ्या राहिल्या. डॉक्टरांना खडे बोल सुनावणारी तेवढी एकच बाई तिनं पाहिली होती. पाहिली म्हणजे ऐकली.

"सव्वीसच?" ती हळहळली. "माझ्यासारखी आणखी थोडी माणसं मिळाली असती तर निघाल्या असत्या हो."

वहिनींना हसू आवरेना. "तुमच्यासारखी? अहो, तुमचं मत काय मेट्रनबाईंना गेलंय होय? तुमचे दादा काय वेडे आहेत?"

मग त्यांनी जीभ चावली असावी, कारण भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पक्षाचा जुना कार्यकर्ता. गल्लीतलं पान त्याच्या शब्दाशिवाय हलत नसे. अंध मतदारासोबत एक माणूस आत जाऊ शकतो आणि त्याच्या वतीनं मतपत्रिकेवर शिक्का मारू शकतो, असा कायदा होता. तिचा सोबती पहिल्या निवडणुकीपासून दादाच. दुसरा कोण असणार?

दादा दुपारी आला तो घोषणा देऊन घसा बसलेला. तिनं त्याला चपला काढेपर्यंतही वेळ दिला नाही.

"दादा, माझा शिक्का कुठं मारलास?"

"काय?"

"मी आंधळी आहे. तू बहिरा कधीपासून झालास?"

दादानं चपला भिंतीशी सरकवल्या. "मारायला हवा तिथं मारला."

"मी मेट्रनबाई म्हटलं होतं."

"तू म्हणशील. उद्या विहिरीत ढकल म्हणशील, म्हणून ढकलू?"

"आणि ह्याआधी?"

"ह्याआधीही तिथंच. दर वेळी." त्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट कुणी उपकार मोजून दाखवतंय असा सूर होता. "काय वाईट झालं तुझं? हॉस्पिटलात चिकटलीस ती कुणाच्या शब्दावर? लहानपणी हाताला धरून शाळेत मी नेलं तुला. तेव्हा विचारलंस कधी, कुठल्या रस्त्यानं नेतोस म्हणून?"

"रस्ता तू ठरवलास. शाळा माझी मी शिकले. माझे पेपर तू नाही लिहिलेस, दादा."

"अगं, एका मताचं काय घेऊन बसलीस!"

"एका मताचं एवढं काही नाही, तर मग माझं मला का ठेवू दिलं नाहीस?"

दादाचा पारा चढला. "आंधळीला घरात ठेवून घेतली, तिथंच चुकलं माझं," तो म्हणाला.

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, असं काय बोलता!" पण बोलून झालं होतं. त्या दिवसापासून दोघांमधला शब्द तुटला. जेवायला वाढल्याचं वहिनी सांगत, पाण्याची मोटर लावल्याचंही वहिनीच सांगत. भाऊबहीण एकाच घरात, पण एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहीनात.

आठ दिवसांनी रजा टाकून ती निवडणूक कचेरीत गेली. तिथल्या अधिकाऱ्याची खुर्ची करकरत होती आणि तिचं बोलणं जसं पुढं सरके तशी जास्तच करकरू लागली.

"तुमचं मत कुणाला होतं हे मला सांगू नका, बाई. मत गुप्त असतं."

"कुणापासून गुप्त? सबंध गल्लीला ठाऊक आहे. नव्हतं ते फक्त मला."

"कायद्यात स्वच्छ लिहिलंय. सोबत्यानं मतदाराच्या सांगण्याप्रमाणंच शिक्का मारायचा."

"आणि नाही मारला तर?"

"ते सिद्ध कसं करणार? मतपत्रिकेवर नाव थोडंच असतं?"

"म्हणजे चोरीला मुभा आणि चोर धरायला बंदी."

"शब्द जपून वापरा."

"बरं, जपून विचारते. एका माणसानं किती जणांचा सोबती व्हायचं, ह्याला काही हद्द?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "कायद्यात तशी मर्यादा दिसत नाही."

"माझा दादा ह्या खेपेला किती जणांबरोबर आत गेला? सोबत्याची सही घेता ना तुम्ही वहीत?"

अधिकारी चिडलाच होता. तिला एकदाची घालवावी म्हणून त्यानं वही ओढली, बोटानं मोजलं आणि वाचून टाकलं, "एकोणचाळीस."

मेट्रनबाई सव्वीस मतांनी पडल्या होत्या. हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. वही धाडकन मिटली. "तुम्ही या आता," तो म्हणाला.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. लोक तिच्या देखत ती म्हणत आणि मग ओशाळून गप्प होत. त्या दिवशी बसमध्ये ती स्वतःच पुटपुटली आणि शेजारची बाई दचकून सरकून बसली.

त्याच सुमारास मतदानाच्या कायद्यात सुधारणा सुचवायला एक समिती नेमली गेली. निवडणुकांविषयी इतका बोभाटा झाला होता की नेमणं भागच होतं. समिती गावोगाव बसून लोकांचं म्हणणं ऐकणार, अशी बातमी टेलिफोनबाईनं रेडिओवर ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञाला गाठलं. त्यानं जुनी फिल्म कापून तिला मतपत्रिकेच्या आकाराची एक चौकट करून दिली. प्रत्येक उमेदवारासमोर एक खिडकी, आणि खिडकीशेजारी ब्रेलचे आकडे तिनं स्वतः टोचले. मतपत्रिकेवर चौकट ठेवायची, आकडा बोटानं वाचायचा, खिडकीतून शिक्का मारायचा. आत दुसऱ्या कुणाचं कामच नाही. शिवाय मतपत्रिकेचा एक कोपरा छापतानाच कापावा, म्हणजे ती सुलटी की उलटी तेही हाताला कळेल.

सुनावणी वाचनालयाच्या सभागृहात होती. ती पोचली तेव्हा दादाचा खोकला तिनं लांबूनच ओळखला. तो एकटा आला नव्हता. टेम्पो करून नऊ अंध माणसं घेऊन आला होता, 'सोबती हवाच' असं सांगायला.

आधी दादा बोलला. छान बोलला. "साहेब, सोबती काढून घेतलात तर ही गरीब माणसं मतदानाला येणारच नाहीत. आम्ही हात देतो, पायरी सांगतो, उन्हातून सावलीत नेतो. हे मायेचं नातं आहे. कायद्यानं त्यात नाक खुपसू नये."

टाळ्या पडल्या. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

"तुम्ही ह्यांच्या भगिनी ना?" अध्यक्षांनी विचारलं. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि प्रत्येक वाक्य निकाल वाचावा तसं बोलत. "घरगुती भांडण इथं आणू नका."

"घरगुतीच आहे, साहेब. एकोणचाळीस घरांतलं."

तिनं चौकट पुढं केली. समितीतल्या कुणीतरी ती उजेडात धरली असावी. "हा कुणाच्या छातीचा फोटो?" तो म्हणाला आणि सभागृह खदखदलं.

तिनं आवाज चढवला. "कुणाचाही असो. खिडक्या नीट कापल्यात. डोळे मिटून बोट फिरवून बघा."

"समितीनं काय करावं हे समिती ठरवील," अध्यक्ष म्हणाले. "तुमची वेळ संपली."

"दादाला पंधरा मिनिटं दिलीत. मला चार."

"खाली बसा!"

ती बसली नाही, पण माइक बंद झाला. तेवढ्यात दादानं आणलेल्या नऊ जणांतला एक म्हातारा काठी ठोकत उठला. हा वेताच्या खुर्च्या विणायचा, म्हणून सगळे त्याला खुर्चीकाका म्हणत.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला.

"तुम्ही सोबत्याच्या बाजूनं बोलायला आला आहात ना?"

"आणलंय त्यासाठीच. पण ही बाई बोलली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला." तो खोकल्याच्या दिशेनं वळला. "काय रे, माझा शिक्का तू कुठं मारलास?"

"काका, तुम्ही सांगितलंत तिथंच," दादा गोड आवाजात म्हणाला. "आपल्या माणसाला."

"मी आपल्या माणसाचं नावही घेतलं नव्हतं. मी म्हटलं होतं, सगळ्यांवर एकेक मार, म्हणजे बाद होईल. सगळे एका माळेचे मणी."

काही जण हसले. मग हसणं आपोआप विरलं.

"काका, विसरलात तुम्ही."

"डोळे गेलेत माझे. डोकं नाही गेलं."

"आणि माझं मत?" मागून एका बाईनं विचारलं. "मी सांगितलं ते तरी लक्षात आहे का रे?" मग तिसरा उठला, चौथा उठला. नऊच्या नऊ जणांनी दादाला नुसतं फैलावर घेतलं. अध्यक्ष टेबल बडवत राहिले, पण ह्या खेपेला त्यांचंच कुणी ऐकेना. गोंधळ शमला तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात चिटणिसाला सांगितलं, "ती फिल्म इकडं ठेवा."

बाहेर पायरीवर दादानं तिचं मनगट धरलं. "चारचौघांत तोंडघशी पाडलंस मला."

"मी नाही पाडलं. तूच पडलास. हात सोड."

"घरी येऊ नकोस मग."

"नाहीच येत."

ती हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. एक खोली, एक खिडकी, नळाला सकाळी दोन तास पाणी. वहिनींनी तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून पाठवले. इस्त्री केलेले होते, पण चिठ्ठी नव्हती. दादाच्या माणसांनी हॉस्पिटलात तिच्याविरुद्ध अर्ज केले, फोन उचलत नाही म्हणून, उर्मट बोलते म्हणून. दोनदा चौकशी झाली. दोन्ही वेळा काही निघालं नाही, पण सहा महिने तिची झोप गेली. खुर्चीकाकांच्या दारातली वेताची गठडी कुणीतरी पेटवून दिली. कुणी ते कधीच कळलं नाही आणि न कळण्यासारखंही काही नव्हतं.

दीड वर्षानं नवा कायदा आला. प्रत्येक केंद्रावर ब्रेलची चौकट ठेवायची. सोबती हवा असेल तर एका माणसानं एकाच मतदाराबरोबर जायचं, आणि तो कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता नको. कापलेल्या कोपऱ्याची सूचना मात्र 'छपाईच्या अडचणीमुळे' फेटाळली होती. तिनं बातमी दोनदा ऐकली आणि रेडिओ बंद केला. नेमकं तेवढंच गाळलं होतं, जे तिला सगळ्यात जास्त हवं होतं.

पुढच्या निवडणुकीला ती एकटी केंद्रावर गेली. शाळेचा वर्ग होता. खडूचा वास येत होता. केंद्राधिकाऱ्यानं टेबलावर मतपत्रिका ठेवून तिच्यावर चौकट बसवली. तिनं बोट फिरवलं.

"चौकट उलटी आहे."

"कसं शक्य आहे?"

"आकडे डोक्यावर उभे आहेत, साहेब."

त्यानं घाईघाईनं चौकट फिरवली. मागं रांगेत कुरकुर सुरू झाली. एक जण म्हणाला, "दर वेळी भावाबरोबर येत होत्या, दोन मिनिटांत आटपायचं."

"आता खालचा कागद सुलटा कशावरून?" तिनं विचारलं.

"मी ठेवलाय ना."

"चौकटही तुम्हीच ठेवली होती."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"नाही," ती म्हणाली. "पक्षांचे प्रतिनिधी बसलेत ना खोलीत? त्यांतले दोघं बोलवा. एकमेकांचं तोंड न बघणारे हवेत. शिक्का मारायच्या आधी कोरा कागद त्यांनी बघावा आणि मोठ्यानं सांगावं."

"कायद्यात असं काही नाही."

"कायद्यात कोपरा नाही, म्हणून हे."

अधिकारी वैतागला होता, रांग वाढत होती. त्यानं दोघांना बोलावलं. एक विरुद्ध पक्षाचा दुकानदार होता. दुसऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकताच तिची पाठ ताठ झाली.

"कागद सुलटा आहे," दुकानदार म्हणाला. "पहिलं नाव पहिल्या खिडकीत."

दुसरा काही बोलला नाही.

"दुसरे बोलले नाहीत," ती म्हणाली.

"अहो, बोला की," अधिकारी खेकसला.

"सुलटा आहे," दादा म्हणाला. वाचनालयाच्या पायरीनंतर तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता, आणि तेही दात आवळून. पण शेजारी दुकानदार टपून उभा असताना तो खोटं बोलूच शकत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या मायेचा तिला जेवढा आधार नव्हता, तेवढा आज त्या दोघांच्या हाडवैराचा वाटला.

तिनं चौकटीसकट कागद उचलला, आडोशाला गेली, बोटानं तिसरा आकडा शोधला, पुन्हा एकदा तपासला आणि शिक्का दाबला. कागद घडी घालून स्वतःच्या हातानं पेटीत टाकला. बाहेर पडताना ती दादाच्या टेबलाजवळून गेली. तो खोकला नाही, तीही थांबली नाही.

निकालाच्या दिवशी बोर्डावर फोनचा नुसता पाऊस होता. संध्याकाळी दादाचाच उमेदवार निवडून आला, ह्या खेपेला चांगल्या सातशे मतांनी. तिला वाईट वाटलं. तिसऱ्या क्रमांकाचा माणूस बरा होता, निदान खोटं कमी बोलायचा. पण एवढ्या वर्षांत ती स्वतः निवडणूक हरली ती आज पहिल्यांदाच, आणि हे तिनं शेजारच्या ऑपरेटरला जवळजवळ ऐटीत सांगितलं.

सातच्या सुमारास वहिनींचा फोन आला. मागं फटाके वाजत होते.

"निवडून आलो हो आम्ही, वन्सं! ऐकलंत ना?"

"ऐकलं. कुठल्या पेशंटशी बोलायचंय तुम्हाला?"

"पेशंटशी कशाला? मी आपलं..."

"मग लाइन मोकळी करा, वहिनी," ती म्हणाली आणि पुढचा फोन घेतला.