ग्लेनिस अध्यक्ष झाली त्याची गोष्ट

आमच्या क्रॅगथॉर्प गावात कौन्सिलच्या निवडणुकीआधी चर्चच्या हॉलमध्ये सभा होते. सगळे उमेदवार एका टेबलामागे बसतात, लोक हात वर करून प्रश्न विचारतात आणि अध्यक्ष मधोमध बसून सभा चालवतो. अध्यक्षानं स्वतः काही विचारायचं नाही, मत द्यायचं नाही, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही. हे काम नेहमी आमचे पाद्रीबुवा करतात. यंदा त्यांचा घसा बसला आणि त्यांच्या जागी चक्क माझी बायको नेमली गेली.

ग्लेनिसला ओळखणारा कुणीही हे ऐकून हसेल. तरुणपणापासून ती डाव्यांच्या प्रत्येक मोर्चात. सरकार कुणाचंही असो, हिचा राग तोच. "अरे नॉरिस," ती बटाटे सोलता सोलता म्हणते, "लंडनवाले म्हणतात कौन्सिलला विचारा. कौन्सिलवाले म्हणतात लंडननं पैसे दिले नाहीत. आणि दोघं मिळून बोट दाखवतात बस कंपनीकडे. जाब नेमका कुणाला विचारायचा हे माणसाला कळूच नये, अशी सोय करून ठेवलीय मेल्यांनी!" मी मान डोलावतो. न डोलावून सांगतो कुणाला?

पण यंदा माझाही जीव टांगणीला लागला होता. चौसष्ट नंबरची बस जूनपासून बंद होणार, अशी चिठ्ठी स्टॉपवर लागली होती. आठवड्यातून तीनदा मी त्याच बसनं शहरातल्या हॉस्पिटलात डायलिसिसला जातो. माझी नजर अधू, त्यामुळे गाडी चालवणं केव्हाच सुटलंय. ग्लेनिस कधी शिकलीच नाही. मोटारी श्रीमंतांच्या, म्हणून शिकले नाही, असं ती सांगते. खरं म्हणजे परीक्षेत दोनदा नापास झाली. बस गेली तर गाव सोडून मुलीकडे लीसेस्टरला राहायला जावं लागणार होतं. ग्लेनिसला तिथं ना मोर्चा, ना भांडायला ओळखीचं माणूस. ती याबद्दल बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला ठाऊक होतं.

तर तिचं नाव सुचवलं कुणी? थॉर्लेसाहेबांनी! तेही उमेदवार, आणि कौन्सिलमध्ये वाहतुकीचं खातं त्यांच्याच हातात. गोड बोलणारा, बेरकी माणूस. सभेत ग्लेनिस आपल्याला फाडून खाणार हे तो जाणून होता. तिला अध्यक्ष केलं की तिच्या तोंडाला आपोआप कुलूप. बाकीचे उमेदवारही खुशीत हो म्हणाले.

मी घरी चिडलो. "तुला गप्प बसवायला केलंय हे! नाही म्हण."

"कळतंय मला," ती म्हणाली. "पण नाही म्हटलं, तर लोक म्हणतील हिला सगळ्यांना सारखं वागवता येत नाही. आयुष्यभर मी सरकारला तेच तर सांगतेय."

सभेला हॉल गच्च भरला. ग्लेनिस निळा कोट घालून ताठ बसली होती. माझ्या शेजारचा आर्नल्ड माझ्या कानात म्हणाला, "पहिल्या प्रश्नालाच फुटते बघ तुझी बाई." ती फुटली नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यांचे प्रश्न झाले, लायब्ररीच्या वेळांचे झाले. थॉर्लेसाहेब आरामात मागे रेलले. मग मी हात वर केला.

ग्लेनिसनं माझ्याकडे पाहिलं. जन्माची ओळख, पण चेहरा कोरा.

"मागच्या रांगेतले राखाडी स्वेटरमधले गृहस्थ," ती म्हणाली. "बोला आपण."

सगळा हॉल हसला. मी उभा राहिलो. "चौसष्ट नंबरची बस जूननंतर चालू राहणार का?" एवढंच मी विचारलं.

थॉर्लेसाहेब उभे राहिले. बजेट, डिझेल, लंडनची धोरणं, सगळं फिरून आले आणि बसले. नेहमीची ग्लेनिस असती तर टेबल उलटलं असतं. ती म्हणाली, "आभारी आहे. प्रश्न असा होता, चौसष्ट नंबरची बस जूननंतर चालू राहणार का?"

थॉर्लेसाहेब हसले. निवडणुकीच्या काळात यावर बोलणं नियमात बसत नाही म्हणाले.

"आभारी आहे," ग्लेनिस त्याच सुरात म्हणाली. "चौसष्ट नंबरची बस जूननंतर चालू राहणार का?"

आणि ती थांबली. आता, आमच्या लोकांना थंडी चालते, पाऊस चालतो, पण चारचौघांतली शांतता सोसत नाही. कुणी बुटांकडे बघायला लागलं. कुणीतरी खोकलं. मागे चहाचं भांडं सूं सूं करत होतं. ग्लेनिसच्याच पक्षाचा उमेदवार डंकन गालात हसला, तर तिनं त्याच्याकडे वळून म्हटलं, "यानंतर हेच आपल्यालाही विचारणार आहे." त्याचं हसू विरलं.

थॉर्लेसाहेबांचा चेहरा लाल झाला. "हे बघा," ते अखेर म्हणाले, "ती चिठ्ठी अधिकाऱ्यांनी घाईनं लावली. तो नुसता प्रस्ताव आहे. माझी सही झालेली नाही."

ग्लेनिसच्या हातातली पेन्सिलसुद्धा हलली नाही.

"आणि करणारही नाही! बस चालू राहील. झालं?"

"आभारी आहे," ग्लेनिस म्हणाली. "पुढच्या रांगेतल्या वार्ताहरांनी लिहून घेतलं असेलच. आता डंकन."

माझा जीव भांड्यात पडला. मी खाली बसलो तो बराच वेळ उठलो नाही. आर्नल्डनं आणून दिलेल्या चहात मी बिस्किट बुडवलं आणि ते तिथंच विरघळलं.

घरी दार लागताच ग्लेनिसनं कोट फेकला आणि सभाभर कोंडलेलं सगळं बाहेर काढलं. थॉर्लेचा उद्धार झाला, डंकनचा झाला, लंडनच्या तर सात पिढ्यांचा झाला. मी खुर्चीत पाय पसरून ऐकत होतो. इतकं गोड मला कधी काही लागलं नव्हतं. मग बोलता बोलता ती माझ्या खुर्चीजवळ येऊन थांबली. "हात वर केलास तेव्हा तो थरथरत होता रे," ती म्हणाली. "आणि मला नुसतं बघत बसावं लागलं." मी तिला जवळ घेतलं.

स्टॉपवरची चिठ्ठी त्याच आठवड्यात निघाली. जूनच्या पहिल्या सोमवारी चौसष्ट नंबर नेहमीसारखी उशिरा आली. मी चढून खिडकीशी ऐसपैस बसलो. ग्लेनिस माझ्यामागून आली, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"राखाडी स्वेटरमधले गृहस्थ, जरा सरका. आपल्या बायकोला बसायचंय."